लिनक्सच्या डेस्कटॉपवरून आर सुरू करताना आयकॉनला काय काय सांगावे लागते

आपल्या प्रश्नाचा आशय मला असा समजला आहे. कऱ्हाड परिसरातील एका महाविद्यालयात आपण कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांची संख्याशास्त्राची प्रात्यक्षिके घेता. प्रयोगशाळेतील जुन्या संगणकांवर यंदा विंडोज काढून काही ठिकाणी उबुंटू आणि काही ठिकाणी लिनक्स मिंट बसवले गेले, आणि या दोन्ही लिनक्स प्रणालींवर आपण आर हे संख्याशास्त्रीय आकडेमोडीचे सॉफ्टवेअर रीतसर बसवून घेतले. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची विंडो, उघडून कॅपिटल आर हे अक्षर टाइप केले की ते व्यवस्थित चालते. परंतु विंडोजवर असायचे तसे आयकॉन डेस्कटॉपवर नाही, आणि फाइल मॅनेजरमधून यूएसआर-बिन या फोल्डरात जाऊन आर नावाच्या फाइलवर डबल क्लिक केले तर, आपल्याच शब्दांत, "काहीच होत नाही, साधी एररसुद्धा येत नाही". विद्यार्थ्यांना एका क्लिकवर आर उघडून कसे द्यावे, असे आपण विचारले आहे.

मी सांगलीत गेली 22 वर्षे संख्याशास्त्र शिकवतो आणि हळद, ऊस, द्राक्ष यांच्या प्रयोगांची आकडेमोड करून देतो. आमच्या प्रयोगशाळेत लिनक्स आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न माझ्यापुढे आला होता आणि मी त्याचे पहिले उत्तर चुकीचे काढले होते. म्हणून नुसती कृती न देता कारणासह लिहितो. एक सूचना आधीच करून ठेवतो: आज्ञा आणि फाइलींतील शब्द मी येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहीत आहे, संगणकावर ते रोमन लिपीतच आणि लहान-मोठ्या अक्षरांचा भेद सांभाळूनच टाइप करावेत. लिनक्सला कॅपिटल आर आणि लहान आर हे दोन वेगळे शब्द वाटतात.

आता "काहीच होत नाही" याकडे वळू. प्रत्यक्षात बरेच काही होते, ते आपल्याला दिसत नाही इतकेच. यूएसआर-बिनमधील आर ही फाइल म्हणजे एक छोटी शेल स्क्रिप्ट आहे, म्हणजे शेल या आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामसाठी लिहिलेली आज्ञांची यादी. ती आवश्यक ती मांडणी करते आणि मग खरा प्रोग्राम सुरू करते. काही फाइल मॅनेजर अशी स्क्रिप्ट चालवण्याऐवजी तिचा मजकूर संपादकात उघडून दाखवतात. आपल्याकडे ती चाललेली दिसते. आर सुरू झाले की ते पाहते, आपल्यासमोर टर्मिनल आहे काय. टर्मिनल नसेल तर समोर माणूस बसलेला नाही असे ते धरून चालते, आणि माणूस नसताना काम संपल्यावर स्मृतीतील सामग्री जतन करायची की टाकून द्यायची हे विचारायचे कोणाला, या अडचणीमुळे सेव्ह, नो-सेव्ह किंवा व्हॅनिला यांपैकी एक पर्याय सांगितलाच पाहिजे असा घातक चुकीचा संदेश देऊन बंद होते. हा संदेश छापला जातो, मात्र तो वाचता येईल असे काही पडद्यावर उघडलेलेच नसते. सगळा प्रकार क्षणार्धात आटोपतो.

माझी चूक येथेच झाली. संगणक आपल्या नोंदी ठेवतो त्या लॉग फाइलीत तो संदेश सापडल्यावर मला आनंद झाला आणि मी आयकॉनच्या आज्ञेत नो-सेव्ह हा पर्याय जोडून मोकळा झालो. त्यानंतर डबल क्लिक केले तर तीच शांतता, आणि आता संदेशही नाही. कारण सरळ होते: पर्याय मिळाल्यामुळे आर समाधानाने सुरू झाले, आज्ञा वाचायला गेले, वाचायला काहीच नव्हते, म्हणजे मजकूर संपला असे समजले आणि तितक्याच समाधानाने बंद झाले. संदेशातील शब्दांवर उपाय करून मूळ अडचण जागच्या जागी राहिली होती.

मग विंडोजवर हे का घडत नाही? विंडोजसाठीच्या आरमध्ये दोन वेगळे प्रोग्राम मिळतात. एक स्वतःची चौकट, मेनू आणि आज्ञापट घेऊन येतो, आणि आयकॉन त्यालाच जोडलेले असते. दुसरा नुसता टर्मिनलमध्ये चालणारा असतो आणि त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. लिनक्सवर जे मिळते ते या दुसऱ्याचे भावंड. ही परंपरा जुनी आहे. आर ज्या एस या संख्याशास्त्रीय भाषेच्या वळणावर बांधले गेले, ती भाषा 1976 मध्ये बेल प्रयोगशाळेत जन्मली, आणि लिनक्सने जिचे वळण घेतले ती युनिक्स प्रणालीही तिथलीच. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी 1990 च्या दशकात आर घडवले, त्याची 1.0.0 ही आवृत्ती 29 फेब्रुवारी 2000 रोजी आली. तेव्हापासून आजवर युनिक्स कुळातील संगणकांवर आर माणसाशी मुख्यतः टर्मिनलमधून बोलते. त्याला चौकट नसणे हा दोष मानू नये. चौकट पुरवणे हे टर्मिनलचे काम आहे, असा तो हिशेब आहे.

म्हणून खरा प्रश्न मी असा मांडेन: आपण टर्मिनल उघडून आर टाइप करतो तेव्हा टर्मिनल आपल्या नकळत कोणत्या गोष्टी पुरवते, आणि आयकॉनवरून सुरू करताना त्या कोणी पुरवायच्या? माझ्या अनुभवात अशा गोष्टी तीन आहेत. पहिली, प्रश्नोत्तरांसाठी जागा, म्हणजे टर्मिनलची विंडो. दुसरी, आर नावाचा प्रोग्राम डिस्कवर कोठे शोधायचा त्याची वाट. तिसरी, कोणत्या फोल्डरात बसून काम करायचे. या तिन्ही आयकॉनमध्ये लिहून दिल्या की काम झाले. एक जरी राहिली तरी कधी शांतता पसरते, कधी विंडो चमकून नाहीशी होते, आणि तिसरी राहिली तर सर्वात वाईट घडते, म्हणजे सारे सुरळीत चालल्यासारखे दिसते.

पहिली गोष्ट सोपी आहे. लिनक्सवरील आयकॉन म्हणजे डॉट-डेस्कटॉप हे शेपूट असलेली एक साधी मजकुराची फाइल असते. तिची पहिली ओळ चौकटी कंसात डेस्कटॉप एंट्री अशी असते आणि खाली एकेका ओळीत एकेक गोष्ट सांगितलेली असते: टाइप म्हणजे प्रकार, तो ॲप्लिकेशन, नेम म्हणजे आयकॉनखाली दिसणारे नाव, जे देवनागरीतही चालते, एक्झेक म्हणजे चालवायची आज्ञा, आयकॉन म्हणजे चित्र, आणि टर्मिनल, ज्यापुढे ट्रू लिहिले की डेस्कटॉप आधी टर्मिनल उघडतो आणि आज्ञा त्यात चालवतो. आपल्या आयकॉनची निम्मी अडचण या एका शब्दाने सुटते. मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपवर तर फाइल हाताने लिहावीही लागत नाही. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून नवा लाँचर बनवण्याचा पर्याय घेतला की येणाऱ्या चौकटीत टर्मिनलमध्ये चालवावे काय असा खुणेचा रकाना असतो.

उबुंटूवर थोडे अधिक सांभाळावे लागते, कारण तेथील डेस्कटॉप जीनोम आहे. जीनोमने 2018 च्या 3.28 या आवृत्तीपासून डेस्कटॉपवर आयकॉन ठेवण्याची मूळ सोय काढून टाकली. उबुंटू ती सोय एका जोडकार्यक्रमाद्वारे परत देते. त्यामुळे डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल आधी अनोळखी मानली जाते आणि तिच्यावर राइट क्लिक करून चालवण्यास परवानगी द्या अशा अर्थाचा पर्याय एकदा निवडावा लागतो. मी स्वतः डेस्कटॉपवर फाइल ठेवण्याऐवजी ती ॲप्लिकेशनच्या यादीत ठेवतो. एका वापरकर्त्यापुरती हवी असेल तर घरच्या फोल्डरातील डॉट-लोकल, त्यात शेअर, त्यात ॲप्लिकेशन्स या ठिकाणी; संपूर्ण संगणकासाठी हवी असेल तर यूएसआर, त्यात शेअर, त्यात ॲप्लिकेशन्स येथे, अर्थात त्यासाठी प्रशासकाचा पासवर्ड लागतो. मग विद्यार्थी मेनूमध्ये शोधून आयकॉन पडद्याच्या कडेच्या पट्टीवर कायमचे टाचून घेऊ शकतात, आणि परवानगीचा प्रश्न येत नाही.

येथे एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे. टर्मिनल ट्रू असे लिहिल्यावर नेमके कोणते टर्मिनल उघडायचे हे डेस्कटॉप ठरवतो, आणि तो आपल्याला ठाऊक असलेल्या काही ठरावीक नावांतूनच शोधतो. नेहमीचे टर्मिनल काढून कोणी आवडीचे दुसरे बसवले असेल तर आयकॉन पुन्हा मुके होऊ शकते. असे झाल्यास टर्मिनल फॉल्स ठेवून बसवलेल्या टर्मिनलचे नाव आज्ञेतच लिहावे, उदाहरणार्थ जीनोम-टर्मिनल, मग एक जागा सोडून दोन आडव्या रेघा, पुन्हा एक जागा आणि मग आर. जुन्या लेखांत दोन रेघांऐवजी एक रेघ आणि ई हे अक्षर दिलेले आढळते. जीनोम-टर्मिनलमध्ये ती पद्धत आता कालबाह्य ठरवली आहे, एक्सटर्म आणि केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपच्या कॉन्सोल या टर्मिनलांत मात्र तीच चालते.

दुसरी गोष्ट वाटेची. आपण आर वितरणाच्या, म्हणजे उबुंटू किंवा मिंटच्या, स्वतःच्या सॉफ्टवेअर भांडारातून बसवले असेल, तर ते यूएसआर-बिनमध्ये आहे आणि ते ठिकाण डेस्कटॉपलाही माहीत असते. हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल. परंतु कोणी कोंडा या सॉफ्टवेअर बसवण्याच्या स्वतंत्र साधनाने किंवा घरच्या फोल्डरात स्वतंत्रपणे आर बसवले असेल, तर त्याची वाट बहुधा बॅशआरसी नावाच्या लपलेल्या फाइलीत लिहिलेली असते. ती फाइल टर्मिनलमधील शेल वाचते. आयकॉनवर क्लिक केल्यावर चालणारी आज्ञा ती वाचत नाही. त्यामुळे टर्मिनलमध्ये एक आर आणि आयकॉनवरून दुसरेच, कधी कधी जुन्या आवृत्तीचे आर उघडते, आणि काल बसवलेले पॅकेज, म्हणजे आरची जोडसामग्री, आज सापडत नाही अशी तक्रार येते. टर्मिनलमध्ये व्हिच ही आज्ञा देऊन पुढे आर लिहिले की नेमका पत्ता कळतो. तो पूर्ण पत्ता एक्झेकच्या ओळीत लिहावा. घरच्या फोल्डरासाठी आपण वापरतो ती टिल्डची खूण किंवा डॉलर लावलेला होम हा शब्द तेथे चालत नाही, कारण त्या ओळीचा अर्थ शेल लावत नाही.

तिसऱ्या गोष्टीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण आयकॉन करून देणारे बहुतेक जण पहिल्या दोनवर थांबतात. टर्मिनल आपण ज्या फोल्डरात उघडू, त्या फोल्डरात आर बसते. आयकॉनवरून उघडलेले आर सहसा वापरकर्त्याच्या घरच्या फोल्डरात बसते, मग काम हळदीचे असो वा उसाचे. बंद करताना ते विचारते, स्मृतीतील सामग्री जतन करू काय? विद्यार्थी सवयीने वाय दाबतात. मग त्या फोल्डरात डॉट-आरडेटा नावाची लपलेली फाइल तयार होते, आणि पुढच्या वेळी त्याच फोल्डरात आर उघडले की ती आपोआप, फक्त एका ओळीची सूचना देऊन, परत स्मृतीत येते. ती ओळ कोणी वाचत नाही.

आमच्याकडे काय झाले ते सांगतो. एका आठवड्यात पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी को 86032 या उसाच्या वाणावरील खतांच्या प्रयोगाचे विश्लेषण केले होते, पुढच्या आठवड्यात हळदीच्या वाणांचा प्रयोग होता. शिकवायला सोपे जावे म्हणून दोन्ही तक्त्यांचे स्तंभ मी मुद्दाम सारख्याच नावांचे ठेवले होते आणि तक्त्यालाही एकच नाव द्यायला सांगितले होते. एका विद्यार्थ्याने हळदीची फाइल वाचण्याच्या आज्ञेत नाव चुकीचे लिहिले. ती ओळ चुकली, संदेशही आला, परंतु त्याने दहा ओळी एकदम चिकटवल्या होत्या, आणि आर समोरासमोर चालत असताना एक ओळ चुकली म्हणून पुढच्या ओळी थांबत नाहीत. पुढच्या ओळींना त्या नावाचा तक्ता स्मृतीत सापडला, तो गेल्या आठवड्याच्या उसाचा. प्रसरण विश्लेषणाचा तक्ता सुंदर आला, आलेखही आला. फक्त हळदीचे उत्पादन हेक्टरी 110 टन निघाले. सुदैवाने शेजारी बसलेला मुलगा हळद पिकवणाऱ्या घरचा होता. तो मोठ्याने हसला आणि चूक सापडली. आकडे थोडे जवळचे असते तर तो तक्ता प्रबंधात छापून गेला असता.

या प्रसंगानंतर मी दोन नियम केले. आयकॉनच्या आज्ञेत नो-सेव्ह आणि नो-रिस्टोअर-डेटा हे दोन्ही पर्याय कायम असतात, म्हणजे आर रिकाम्या पाटीने सुरू होते आणि पाटी पुसून बंद होते. टिकवायचे ते स्क्रिप्टमध्ये आणि जाणूनबुजून लिहिलेल्या फाइलींत टिकते. व्हॅनिला हा पर्याय मी टाळतो, कारण तो याच्या जोडीला आर सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या वैयक्तिक प्रोफाइल आणि परिसराच्या (एन्व्हायर्नमेंट) फाइलीही वगळतो, आणि पॅकेजांचे फोल्डर त्या फाइलींत सांगितलेले असेल तर पॅकेजे दिसेनाशी होतात. दुसरा नियम असा की प्रत्येक प्रयोगाला स्वतंत्र फोल्डर आणि आर त्याच फोल्डरात बसलेले. यासाठी डॉट-डेस्कटॉप फाइलीत पाथ नावाची ओळ असते. नाव फसवे आहे, प्रोग्राम शोधण्याच्या वाटेशी तिचा संबंध नाही, काम ज्या फोल्डरात सुरू करायचे त्याचा पूर्ण पत्ता तेथे द्यायचा असतो.

मात्र सामायिक प्रयोगशाळेत ही ओळ पुरत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याचे घरचे फोल्डर वेगळे, आणि पाथच्या ओळीतही होम हा शब्द चालत नाही. म्हणून मी आयकॉन थेट आरला न जोडता मध्ये एक छोटी शेल स्क्रिप्ट ठेवतो, आणि आपल्यालाही तेच सुचवेन. तिच्या पहिल्या ओळीत ती बॅश या शेलने चालवावी असे सांगितलेले असते. पुढची ओळ घरच्या फोल्डरातील प्रात्यक्षिक नावाचे फोल्डर नसल्यास तयार करते, त्यापुढची त्यात शिरते, मग वरील दोन पर्यायांसह आर सुरू होते. शेवटची ओळ आर चुकीने बंद झाले तर एंटर दाबेपर्यंत विंडो उघडी ठेवते. बॅशमध्ये त्यासाठी रीड ही आज्ञा पुरेशी आहे. ही ओळ क्षुल्लक वाटेल, परंतु विंडो चमकून नाहीशी होणे या तक्रारीवर मला आजवर मिळालेला सर्वात उपयोगी उपाय हाच आहे, कारण चूक वाचायला मिळाली की ती बहुधा लगेच सुधारते. स्क्रिप्टमध्ये शेल असल्यामुळे डॉलर-होम तेथे हक्काने वापरता येते. स्क्रिप्ट यूएसआर, लोकल, बिन या फोल्डरात ठेवून तिला चालवण्याची परवानगी द्यावी आणि एक्झेकच्या ओळीत तिचा पूर्ण पत्ता लिहावा. बदल करायचा झाला तर एकाच फाइलीत करावा लागतो आणि आयकॉनला हात लावावा लागत नाही.

म्हणजे थोडक्यात, आयकॉनमध्ये टर्मिनल ट्रू, एक्झेकमध्ये स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता, आणि स्क्रिप्टमध्ये फोल्डर, पर्याय व आर. याउपर जे लिहितो आहे ते वर्गात प्रत्यक्ष आड येणाऱ्या गोष्टींविषयी आहे.

जुन्या संगणकांवर क्लिक केल्यापासून विंडो दिसेपर्यंत चार-पाच सेकंद जातात, आणि विद्यार्थी तेवढ्यात आणखी दोनदा क्लिक करतो. विंडोजवरील काही सॉफ्टवेअर अशा वेळी आधीचीच विंडो पुढे आणतात. येथे प्रत्येक क्लिकगणिक नवे, स्वतंत्र स्मृतीचे आर उघडते. एका विंडोत तक्ता वाचला आणि दुसऱ्या विंडोत सरासरी मागितली तर तक्ता सापडत नाही असे उत्तर येते, आणि "सर, आत्ताच तर वाचला होता" हे वाक्य दर बॅचला ऐकू येते. शिवाय जतन करण्याची सवय चालू ठेवली असेल तर दोन्ही विंडो एकाच डॉट-आरडेटा फाइलीवर लिहितात आणि जी शेवटी बंद होते तिचेच उरते. तसेच टर्मिनलच्या विंडोवरील फुलीचे बटण दाबले तर आर काही न विचारता संपते. आलेखाच्या विंडोही त्याबरोबर जातात. बाहेर पडताना क्यू आणि पुढे रिकामे कंस, ही सवय पहिल्या तासालाच लावावी.

फाइलींची ने-आण हा दुसरा त्रास. आपण स्वतःच्या संगणकावर स्क्रिप्ट लिहून पेनड्राइव्हवरून सगळीकडे नेणार असाल, तर लक्षात ठेवावे की पेनड्राइव्ह बहुधा फॅट पद्धतीचे असतात आणि त्यांत लिनक्सची चालवण्याची परवानगी नोंदवली जात नाही. प्रत्येक ठिकाणी ती पुन्हा द्यावी लागते. स्क्रिप्ट विंडोजवरील नोटपॅडमध्ये लिहिली असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह जास्तीचे येऊ शकते, आणि लिनक्स पहिल्याच ओळीवर असा दुभाषा (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) सापडत नाही म्हणून अडून बसतो. त्यावर डॉस-टू-युनिक्स ही आज्ञा आहे. व्हॉट्सॲपवरून किंवा वर्ड फाइलीतून आज्ञा चिकटवल्यास सरळ अवतरणचिन्हे वाकडी होतात आणि दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ होते. डोळ्यांना फरक जाणवत नाही, आरला जाणवतो. आयकॉनची फाइल रचनेने बरोबर आहे की नाही हे तपासण्यासाठी डेस्कटॉप-फाइल-व्हॅलिडेट नावाचे साधन मिळते, ते एकदा अवश्य चालवावे.

गावांची किंवा शेतकऱ्यांची नावे देवनागरीत असतील तर आणखी एक गोष्ट तपासावी. लिनक्सवर यूटीएफ-8 या अक्षरसंकेताचा भाषा-परिसर (लोकेल) असला की आर ती नीट वाचते आणि दाखवते. आयकॉनवरून सुरू केल्यावर नावांच्या जागी कोनी कंसांतील संकेतांक दिसू लागले, तर भाषेचा परिसर आरपर्यंत पोहोचलेला नाही असे समजावे आणि आपल्या स्क्रिप्टमध्ये आरच्या आधी लँग या चलाची ओळ घालावी. पीडीएफ आलेखात मात्र परिसर बरोबर असूनही अक्षरांच्या जागी ठिपके येतात. त्यासाठी नेहमीच्या पीडीएफ या फलनाऐवजी कैरो-पीडीएफ वापरावे.

तयार स्क्रिप्टवर क्लिक करून पूर्ण विश्लेषण चालवावे, असे काहींना वाटते. त्यासाठी आरस्क्रिप्ट हा जोडप्रोग्राम आहे, आणि त्याला टर्मिनल नसले तरी चालते, कारण तेथे कोणी प्रश्न विचारत नाही. आलेख त्या वेळी विंडोत येत नाहीत. चालू फोल्डरात आरप्लॉट्स नावाची पीडीएफ फाइल तयार होते. मी ही पद्धत अहवालांसाठी वापरतो, शिकवण्यासाठी वापरत नाही, कारण विद्यार्थ्याने एकेक ओळ देऊन उत्तर पाहणे यातच शिकणे आहे.

आरसाठीची चौकट पुरवणारे आरस्टुडिओ हे सॉफ्टवेअर का नको, असे आपण विचाराल. नको असे मी म्हणणार नाही. त्याचे आयकॉन आपोआप येते, तक्ते दिसतात, प्रत्येक प्रकल्पाचे फोल्डर ते स्वतः सांभाळते. संगणक बरे असतील तर वर्गासाठी तेच सोयीचे आहे. आमच्या 4 जीबी मेमरीच्या संगणकांवर ते उघडल्यावर ब्राउझरसह सगळेच रखडू लागले, म्हणून मी टर्मिनलकडे वळलो. मेनूतून काम करायची सवय हवी असेल तर जॉन फॉक्स यांचे आर कमांडर हे पॅकेज किंवा केडीई वर्गातील आरकेवॉर्ड पाहावे. टर्मिनल अजिबात नको आणि जड काहीही नको, अशा वेळी आरला जीयूआय या पर्यायात टीके असे सांगितले तर साधीशी मेनू असलेली चौकट उघडते. ती टर्मिनलविना चालते, पण दिसायला जुनाट आहे आणि मी ती वर्गात टिकलेली पाहिलेली नाही.

आपल्या महाविद्यालयात एखादा सर्व्हर असेल आणि आर तेथे चालवायचे असेल, तर हाच सारा विचार पुन्हा लागू पडतो. दूरच्या संगणकाशी जोडणाऱ्या एसएसएच या आज्ञेने सर्व्हरचे नाव देऊन पुढे आर लिहिले की तोच सेव्ह, नो-सेव्हचा संदेश येतो, कारण अशा रीतीने दिलेल्या आज्ञेला पलीकडे टर्मिनल मिळत नाही. उणे चिन्हासह टी हा पर्याय जोडला की एसएसएच पलीकडे टर्मिनल देते आणि आर नेहमीसारखे बोलू लागते. दुपारी वीज जाण्याचा भरवसा असेल तर सर्व्हरवर आर टीमक्स या टर्मिनल चालू ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडावे, म्हणजे आपला संगणक बंद पडला तरी सर्व्हरवरील काम चालू राहते आणि नंतर पुन्हा जोडून घेता येते.

आपल्या वर्णनावरून मी आपल्या जागी असतो तर असे केले असते: मिंटच्या एका संगणकावर स्क्रिप्ट आणि आयकॉन तयार करून एक पूर्ण प्रात्यक्षिक स्वतः घेऊन पाहिले असते, मगच त्या दोन फाइली उबुंटूच्या संगणकांवर नेल्या असत्या. आयकॉन एखाद्या ठिकाणी मुके राहिले, तर प्रथम एक्झेकमधील ओळ जशीच्या तशी टर्मिनलमध्ये चिकटवून पाहावी. तेथे चालली तर दोष आयकॉनच्या फाइलीत किंवा परवानगीत आहे. तेथेही अडली तर स्क्रिप्टमध्ये. त्या वेळी पडद्यावर आलेला संदेश, उबुंटूची आवृत्ती आणि व्हिच आज्ञेने दिलेला पत्ता एवढे कळवल्यास पुढचे सांगता येईल.